एका शून्यात एकरभर वावर

सातबारा काढा आणि क्षेत्राच्या रकान्यात पाहा. तिथं १.०५.०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक हेक्टर, पाच आर, शून्य चौरस मीटर. पण गावात चारचौघांत कागद उघडला की कोणीतरी हमखास "दीड हेक्टर हाये ना भाऊ" म्हणून मोकळा होतो, कारण डोक्यात शाळेतलं १.५ बसलेलं असतं आणि मधलं शून्य नजरेतून सुटून जातं. दीड हेक्टर म्हणजे १.५०. दोघांत फरक ४५ आरचा, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे. वावर तेवढंच, धुरा तिथंच, पऱ्हाटी तीच, आणि नुसतं एक शून्य वाचलं नाही म्हणून कागदावर एकरभर जमीन वाढली.

इथं चुकलं काय? जमिनीचं माप चुकलं नाही, तलाठ्याचं लिहिणं चुकलं नाही. चुकलं ते वाचणं, कारण लिहिणाऱ्याची पद्धत एक होती आणि वाचणाऱ्याची दुसरी. सातबाऱ्यावर दर शंभराला पुढचं घर भरतं (शंभर आर झाले की एक हेक्टर), शाळेतल्या दशांशात दर दहाला. संख्या ही एक गोष्ट आहे आणि ती लिहायची पद्धत ही दुसरी, आणि आपण दोन्ही इतक्या लहानपणापासून एकत्र पाहत आलोय की त्या वेगळ्या आहेत हे ध्यानातच येत नाही.

आधी संख्या म्हणजे काय ते पाहू, कारण खरी गंमत तिथं आहे. गोठ्यात तीन बैल आहेत, पेरणीला तीन दिवस राहिलेत, घरात तीन भाऊ आहेत. बैल दिसतो, भाऊ दिसतो, दिवस उगवताना दिसतो, पण "तीन" कुठं दिसतो का? नाही दिसत. बैलात, दिवसात नि भावात सारखं असं काहीच नाही, तरी आपण म्हणतो की तिन्हीकडे तीन आहेत. प्रत्येक बैलाला एकेक भाऊ जोडता आला, कोणी उरला नाही, कोणी कमी पडला नाही, की दोन्हीकडची संख्या सारखी, बस एवढाच त्याचा अर्थ. ह्या जोड्या लावायला मोजता येण्याचीही गरज नाही. खळ्यावर पायलीनं धान्य मोजताना जुनी माणसं पहिल्या मापाला "एक" म्हणतच नाहीत, "लाभ" म्हणतात, लाभ, दोन, तीन, चार असं चालतं, आणि दर मापागणिक मूठभर दाणे बाजूला टाकत जातात. पहिल्याचं नाव बदललं म्हणून ढिगातलं धान्य बदलत नाही, आणि मोजणारा मध्येच बोलण्यात गुंतला, आकडा विसरला, तरी बाजूच्या मुठींच्या ढेऱ्या खोटं बोलत नाहीत.

माणसाला हा वेगळेपणा सहज सुचलेला नाही बरं का. आजच्या इराकमध्ये उरुक नावाचं फार जुनं शहर होतं, तिथं सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवर धान्याचे, जनावरांचे, जमिनीचे हिशोब आहेत. त्या लोकांकडे सगळ्यासाठी एकच आकडे नव्हते, कोणती वस्तू मोजायची त्यावर पद्धत ठरायची. जनावरं मोजताना एक गोल खूण म्हणजे दहा, आणि जव मापताना तीच गोल खूण म्हणजे सहा! म्हणजे खूण पाहून संख्या कळायची नाही, आधी विचारावं लागायचं, "कायचं मोजून राहिला बाप्पा?" ऐकायला विचित्र वाटेल, पण आपले आजे-पणजे पायली, मण, खंडीत हिशोब करायचे तेव्हा तेही काही वेगळं करत नव्हते. वीस मणाची खंडी सगळ्यांना पाठ, पण मण केवढा हे गावागणिक नि मालागणिक बदलायचं, त्यामुळे "पाच मण" एवढं ऐकून काहीच कळायचं नाही. संख्या मालापासून सुटी व्हायला हजारो वर्षं गेली. आपण पहिलीतल्या पोराला एका आठवड्यात "तीन म्हणजे ३" शिकवतो आणि त्याला जमलं नाही की रागावतो.

आता नावं घ्या. एकट्या विदर्भात एक-दोन-तीन म्हणायच्या किती तऱ्हा आहेत. मेळघाटात कोरकू बोलणारा माणूस मिया, बारी, आफई म्हणतो, गडचिरोलीकडे गोंडी बोलणारा उंदी, रंड, मूंद म्हणतो, आपण एक, दोन, तीन म्हणतो. ह्या तिन्ही भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या, कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड, मराठी आर्य, नात्यागोत्याचा संबंध नाही, पण तिघं मिळून बाजारात कोंबड्या विकायला बसले तर कोंबड्या सगळ्यांच्या तितक्याच भरतील. आणि मराठीत तरी एकच रीत कुठं आहे? म्हाताऱ्या आजीला वय विचारलं तर ती "चार विसा नि सात" म्हणेल. चार वेळा वीस, वर सात, झाले सत्त्याऐंशी. फ्रेंच लोकही ऐंशीला "चार वीस"च म्हणतात. हातापायाची मिळून बोटं वीस, तिथून हे आलं असावं हे कळायला फार डोकं लागत नाही.

आपल्या मराठी संख्यानावांचा तर वेगळाच थाट. सदुसष्ट म्हणताना आधी सात येतो मग साठ, लिहिताना आधी ६ मग ७, म्हणून दुसरीतलं पोरगं बिचारं ऐकलं तसं ७६ लिहून टाकतं. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ हे "पुढच्या दशकाला एक कमी" असं वजाबाकीनं बोलतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक", "सदुसष्ट"च्या जोडीला "साठ सात" अशी नावं आली आणि राज्यभर केवढा गहजब झाला, मराठी बुडाली इथपर्यंत. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंनी उगाच ताणलं. पोराला स्थान समजावं म्हणून "साठ सात" म्हणा, दोन महिन्यांत ते आपोआप सदुसष्टवर येईल, कारण बाजारात भाव सदुसष्टनंच ऐकायचाय. ६७ ला ह्यातलं काहीच लागत नाही, ते दोन्ही नावांखाली तेच राहतं.

लिहिण्याची गोष्ट त्याहून मजेची. कागदावर एक आडवी रेघ मारा, ती झाली ब्राह्मी ह्या आपल्याकडच्या फार जुन्या लिपीतली एक. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन. आता हात न उचलता, घाईनं दोन रेघा एकाखाली एक ओढून पाहा, पहिल्या रेघेच्या टोकावरून पेन दुसरीकडे घसरत जाईल आणि जे उमटेल ते आपल्या २ सारखं दिसेल. तीन रेघा तशाच ओढा, ३ तयार. चारपासून मात्र रेघा बंद होतात, चारासाठी अधिकच्या चिन्हासारखी फुली येते. असं का, तर चार-पाचाच्या पुढं गेलं की माणसाची नजर न मोजता सांगू शकत नाही. टेबलावर तीन कवड्या टाका, पोरगं एका नजरेत सांगतं, सात टाका, बोट लावून मोजायला लागतं. जगात जिथं जिथं आकडे बनले तिथं बहुतेक ठिकाणी रेघा तीन-चारावरच थांबल्या.

ह्या ब्राह्मी आकड्यांचा महाराष्ट्रातला जुना नमुना पाहायचा तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं लागतं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, यज्ञात किती गायी दिल्या, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले असा लांबलचक दानाचा हिशोब. आणि त्यात हजारो-हजारोंच्या संख्या असून शून्य कुठंच नाही! दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. दोनशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला एक फाटा जास्त, चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं. चालायचं, दान व्यवस्थित लिहिलं गेलं, पण नव्या मोठ्या संख्येला नवं चिन्ह शोधत बसावं लागायचं आणि त्या लिखाणावर उभा गुणाकार मांडता यायचा नाही. रोमन आकड्यांचं तसंच, त्यांच्यात ८८ लिहायला आठ अक्षरं लागतात आणि १०० लिहायला एक.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की चिन्ह तेच ठेवू, जागा बदलली की किंमत बदलेल. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास एका ओळीत सांगून टाकलं, स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्, एका जागेवरून पुढच्या जागेला गेलं की दहापट. वाचायला साधी ओळ आहे, पण एकदा ती मानली की नऊ चिन्हांत जगातली कितीही मोठी संख्या लिहिता येते, अडचण फक्त एकच, एखादी जागा रिकामी असली तर काय करायचं? दोनशे सात मध्ये दशकाच्या घरात कोणी नाही. घर रिकामंच सोडलं तर वाचणारा सत्तावीस वाचेल. म्हणून रिकाम्या घरावर पाटी लावली: इथं कोणी नाही, पण घर आहे. ते शून्य. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, त्यात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असं कोरलंय, आणि दोन्ही ठिकाणी शून्य आपल्या आजच्या शून्यासारखंच गोल, जरा छोटं. सातबाऱ्यावरचं शून्य नेमकं हेच काम करतं.

पण शून्याचं अजून एक काम आहे, ते ह्याहून धाडसाचं. पाटी म्हणून लावलेलं शून्य ही फक्त खूण झाली, संख्या नाही. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त ह्या गणितज्ञानं शून्याला चक्क संख्येच्या पंगतीत बसवलं, त्याची बेरीज कशी, वजाबाकी कशी, गुणाकार कसा ह्याचे नियम दिले, आणि सोबत शून्याखालच्या संख्याही आणल्या. त्यांची नावं काय ठेवली, तर धन आणि ऋण. कास्तकाराला हे शिकवावं लागत नाही. कापूस विकून सत्तर हजार आले आणि कर्ज नव्वद हजाराचं, तर हातात काय ते त्याला कोणत्याही मास्तरपेक्षा लवकर कळतं. ब्रह्मगुप्ताचा एकच नियम पुढं टिकला नाही, शून्याला शून्यानं भागलं तर शून्य असं तो म्हणाला होता, आज आपण तो भागाकारच करत नाही.

गंमत म्हणजे आकडे हाती असूनही आपले पंडित बरेचदा ते वापरायचेच नाहीत, श्लोकात बसत नाहीत म्हणून. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक सांगताना "रसगुणपूर्णमही" म्हटलंय. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एक. उजवीकडून डावीकडे लावा, १०३६. शके १०३६ म्हणजे इ.स. १११४. एकही आकडा न लिहिता शून्यासकट पूर्ण साल! तिकडे हे आकडे अरबांमार्फत युरोपात पोचले, १२०२ मध्ये फिबोनाची नावाच्या इटालियन माणसानं त्यावर मोठं पुस्तक लिहिलं, तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघानं हिशोबाच्या वहीत ते वापरायला बंदी घातली होती.

आता दहाच का? उत्तर बोटांत आहे, दुसरं काही नाही. दहात कोणता दैवी गुण नाही. बॅबिलोनचे लोक साठानं मोजायचे, त्यांचा साठ आजही आपल्या घड्याळात बसलाय. क्रिकेटच्या स्कोअरमध्ये १९.५ ओव्हर दिसलं की सगळ्या गावाला कळतं की एकच बॉल राहिला, १९.६ कधी येत नाही, म्हणजे गावातलं लहान पोरगंही सहाच्या पद्धतीत हिशोब करतं, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नाही. आणि १ एप्रिल १९५७ च्या आधी सगळा देश सोळाच्या पद्धतीत जगत होता. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर. तेव्हापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण बोलण्यातून आणे गेले का? सरकारी कागदावर पिकाची पैसेवारी असते, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानानं रुपयाला किती पैसे पीक आलं ते, ती ५० च्या आत आली की दुष्काळाच्या सवलतींची चर्चा सुरू होते, आणि पारावर लोक अजून तिला आणेवारीच म्हणतात. आठ आणे म्हणा, ५० पैसे म्हणा, निम्मं पीक म्हणा, वावरातून जे निघालं ते निघालं.

पण पद्धत बदलली की काही गोष्टी खरोखर सोप्या-अवघड होतात, आणि हे वाटणीत चांगलं दिसतं. एक हेक्टर वावर, तीन भाऊ. हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर, तिनानं भागले तर ३३३३ आणि पुढं पॉइंट तीन तीन तीन, संपतच नाही. मग कागदावर ०.३३.३३, ०.३३.३३ आणि ०.३३.३४. एक चौरस मीटर, खाटेएवढीही नाही, पण ती धाकट्याच्याच नावावर का गेली म्हणून दिवाळीत बोलणं बंद होऊ शकतं. आता तेच वावर दोरीनं मोजा, दोरीची तिहेरी घडी घाला, तिसरा हिस्सा बरोब्बर निघतो, काही उरत नाही. म्हणजे एक तृतीयांश ही संख्या अपुरी नाही, ती पूर्ण आणि स्पष्ट आहे, आपली दहाची पद्धत तिला लिहून संपवू शकत नाही एवढंच. जुन्या रुपयात आण्याचे बारा पै असायचे, रुपयाचे १९२ पै, तिघांत वाटले तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, हिशोब चोख, कोणाला कमी नाही जास्त नाही. साठाच्या पद्धतीत तासाचा तिसरा हिस्सा वीस मिनिटं. तिनाच्या पद्धतीत, म्हणजे दर तिनाला पुढचं घर भरलं तर, एकाचा तिसरा हिस्सा नुसता ०.१ असा लिहिला जाईल. दहाचे भाग २ आणि ५ एवढेच पडतात, तीन त्यात नाही, म्हणून तिसरा हिस्सा अडतो.

हाच घोळ कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या बाजूनं होतो. त्याच्याकडे बोटं दोनच, शून्य आणि एक. तेरा लिहायचे तर ११०१, म्हणजे एक आठ, एक चार, दोन नाही, एक एक. पूर्ण संख्या अशा मजेत बसतात, पण दहावा हिस्सा दोनाच्या पद्धतीत कधीच संपत नाही, कारण दहात पाच आहे आणि दोनात पाच नाही. म्हणून प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ असं उत्तर दिसतं आणि नवी शिकणारी पोरं मशीन बिघडलं समजतात. मशीन ठीक आहे. शहाणा प्रोग्रॅमर म्हणूनच पैशाचा हिशोब रुपयांत ठेवत नाही, सगळं पैशांत, पूर्ण संख्येत ठेवतो आणि दाखवताना पॉइंट टाकतो.

म्हणून एखादा गुण दिसला की तो संख्येचा आहे की लिखाणाचा हे तपासायची सवय लावा. गोदामात बारा पोती असली तर तीन-तीनच्या चार रांगा लागतात, दोन-दोनच्या सहा लागतात. सात पोती असली तर एकच लांब रांग, नाहीतर सगळी सुटी सुटी, दुसरी कोणतीच सरळ थप्पी नाही. हा सातचा स्वतःचा स्वभाव आहे, तो कोणत्याही पद्धतीत लिहा, कोरकूत म्हणा, बदलणार नाही. उलट "अंकांची बेरीज नवानं भागली गेली तर संख्याही नवानं भागली जाते" ही जी शाळेतली युक्ती आहे, ४५८१ ची बेरीज १८ म्हणून ती नवात बसते, ती नवाची करामत नाही, आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दहाच्या मागच्या नवाला मिळालेला मान आहे. आठाच्या पद्धतीत लिहायला लागलो तर हा मान साताला मिळेल. आणि सम-विषम? शेवटचा आकडा पाहून ठरवायची खोड आपल्याला दहामुळे लागली. तिनाच्या पद्धतीत चार लिहिले जातात ११ असे, शेवटी एक, तरी दोघांत सारखे वाटता येतातच.

जाता जाता, जे आकड्यांत लिहितात पण संख्याच नसतात त्यांचंही पाहून घ्या, कारण रोजचा त्रास त्यांचाच जास्त. गट नंबर ११२ हा १११ पेक्षा मोठा नसतो, नुसता वेगळा असतो. ११२/२ म्हणजे ५६ नव्हे, ११२ चा दुसरा पोटहिस्सा. खुद्द सातबारा हा अपूर्णांक नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. मोबाईल नंबरची बेरीज करून काही मिळत नाही, पिनकोडची सरासरी काढून कुठलं गाव येत नाही, ही सगळी नावं आहेत, फक्त आकड्यांच्या कपड्यात. एक्सेलला हे समजत नाही. बचत गटाची यादी करताना शून्यानं सुरू होणारा खाते नंबर टाईप केला की तो त्याला संख्या समजतो आणि पुढची शून्यं बिनकामाची म्हणून उडवतो, संख्येच्या हिशोबानं त्याचं बरोबरच आहे, पण बँकेत तो नंबर मग कोणाचाच नसतो. असा रकाना भरायच्या आधी तो सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करून घ्या, मग टाईप करा. आधीच टाईप केलेलं असेल तर नुसता फॉरमॅट बदलून गेलेली शून्यं परत येत नाहीत, पासबुक काढून पुन्हा टाकावी लागतात.